इंजिन बसलं चार दिवसांत, वायरिंगला गेले चार महिने

माझी जिप्सी १९९२ सालची. कार्बोरेटरवालं ९७० सीसीचं इंजिन, कागदावर ४५ हॉर्सपॉवर. माझ्याकडे येईपर्यंत त्यातले किती घोडे दमले होते कोण जाणे. करूळ घाट चढताना मागून येणाऱ्या एसटीला हात बाहेर काढून ‘जा बाबा पुढं’ म्हणायची वेळ यायची. मारुतीनं २००० सालापासून जिप्सी किंगला १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं एमपीएफआय इंजिन दिलं. एकाच कंपनीचं इंजिन, ते आपल्या गाडीत घालायचं, असं मी डोक्यात घेतलं.

कोल्हापुरात उद्यमनगर असताना अशा कामाला माणूस शोधत हिंडावं लागत नाही. तिथल्या एका मिस्त्रींनी इंजिन आणि गिअरबॉक्स चार दिवसांत बसवून दिला. पाचव्या दिवशी हात पुसत म्हणाले, “भाऊ, पान्याचं काम होतं ते झालं. हे केसांचं जंजाळ मात्र तुमचं. मी कार्बोरेटरचा माणूस.” आणि बॉनेटवर वायरींचा एक भारा ठेवून चहाला गेले.

मी पेशानं हिशेबनीस. विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. तरीही चार महिन्यांनी ती गाडी मीच चालू केली. त्या चार महिन्यांत जे शिकलो, आणि जे पैसे घालवून शिकलो, ते इथे मांडतोय.

१. इंजिन नव्हे, वायरिंग विकत घ्या

मी इंजिन बघून सौदा केला. कॉम्प्रेशन पाहिलं, ऑइलचा रंग पाहिला, वाजतगाजत घरी आणलं. सोबत ईसीएम मिळाला, म्हणजे इंजिनाचा मेंदू, आणि वायरिंगही ‘सगळं’ मिळालं. घरी आल्यावर कळलं की ते ‘सगळं’ म्हणजे फायरवॉलपासून एक फुटावर पकडीनं कचाकच कापलेला झुपका. ईसीएमकडचा कपलर आणि त्याच्या वीतभर वायरी एका पिशवीत, इंजिनाकडची बाजू दुसऱ्या पिशवीत, आणि मधला दीड मीटर भंगारात. दोन्ही टोकांना डझनावारी वायरी, त्यातल्या अर्ध्या उन्हानं आणि ऑइलनं एकाच मळकट रंगाच्या झालेल्या.

शेवटी दुसरं अखंड किट शोधून आणलं. पहिल्या सौद्यात वाचवलेले पैसे तिथेच गेले. तेव्हा विकणाऱ्याला आधी विचारा: ईसीएम ते सेन्सर वायरिंग अखंड आहे का, फ्यूज आणि रिलेची पेटी सोबत आहे का, ईसीएम त्याच गाडीचा आहे का. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिला इमोबिलायझर असेल तर त्याचा डबा आणि मूळ किल्लीही लागते. किल्लीतली चिप ओळखू आल्याशिवाय तो ईसीएम इंजिन चालू होऊ देत नाही, तुम्ही बाकी वायरिंग कितीही बरोबर करा. माझ्या नशिबानं ती भानगड नव्हती.

२. आधी वही

हे एकच काम मला येत होतं, म्हणून ते नीट झालं. शंभर पानी वही घेतली आणि ईसीएमच्या कपलरमधल्या प्रत्येक पिनेला एक ओळ दिली. पिन कितवी, वायरीचा रंग कोणता आणि पट्टी कसली, दुसरं टोक कुठं, मीटरनं खात्री केली का. खतावणीच म्हणा. प्रत्येक वायरीला देणारा एक आणि घेणारा एक. ज्या ओळीत घेणारा सापडत नाही, ती वायर जोडायची नाही आणि कापायचीही नाही. टोकाला स्लीव्ह घालून, चिठ्ठी बांधून गुंडाळून ठेवायची. अशा सहा निघाल्या. दोन एसीच्या होत्या, एक बऱ्याच दिवसांनी उलगडली, बाकीच्या अजून गुंडाळलेल्याच आहेत आणि गाडी त्यांच्याशिवाय नीट पळते.

रंगावर विश्वास ठेवू नका. वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेली पिवळी वायर पांढरी दिसते आणि लाल वायर तपकिरी. मी एकदा रंग बघून जोडायला गेलो होतो. सवयीनं मीटर लावला तर बीप वाजलाच नाही. कपलरच्या आत, जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं वाकून बघितलं, तेव्हा खरा रंग दिसला. तिथून पुढं प्रत्येक वायर आतून बघितली.

३. दोन घरांचा संसार एकत्र करू नका

गाडीतलं जुनं वायरिंग आणि इंजिनासोबत आलेलं नवं वायरिंग एकमेकांत गुंफून ‘एकच छान किट’ करायचा मोह होतो. वायरिंगवाले त्याला भुलतात, मीही भुललो. मग वहीत एक पान वेगळं केलं आणि लिहून काढलं: नव्या इंजिनाला जुन्या गाडीकडून नक्की हवंय तरी काय?

बॅटरीचा कायमचा प्लस. किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस. सेल्फची वायर. चार्जिंगचा दिवा. चेक इंजिनचा दिवा. ऑइलचा दिवा. तापमानाचा काटा. पेट्रोलचा पंप. आणि अर्थिंग.

नऊ. डझनावारी वायरींच्या त्या भाऱ्यातून गाडीला भेटायच्या होत्या फक्त नऊ. बाकी सगळा कारभार इंजिन, सेन्सर आणि ईसीएम यांचा आपापसातला. त्यात आपण नाक खुपसायचं नाही. हे पान लिहिल्यानंतर रात्री नीट झोप लागली. या नऊ जोडण्या मी डॅशखाली एकाच कपलरमध्ये आणल्या. उद्या इंजिन उतरवायचं झालं तर तो कपलर, बॅटरीच्या जाड केबली आणि अर्थिंगचे पट्टे सोडले की झालं. जुन्या वायरिंगला, म्हणजे हेडलाइट, वायपर, इंडिकेटर, हॉर्न यांना हातसुद्धा लावला नाही. चालतंय ते चालू द्यावं.

४. किल्लीच्या तिसऱ्या पायरीवर काय होतं ते बघा

अर्थिंगचा घोळ निस्तरल्यावर (तो पुढं सांगतो) इंजिन चालू करायला सेल्फ मारला तो दिवस रविवार होता. घरचे सगळे फाटकात. इंजिन मस्त फिरतंय, बॅटरी ताजी, पंपाचा आवाज येतोय, आणि इंजिन काही पेटत नाही. कंटाळून किल्ली सोडली की नेमक्या त्या क्षणी एक ‘भुर्र’, आणि शांत. पुन्हा तेच. आठ वेळा तेच. मुलगा म्हणाला, “बाबा, ते तुम्हाला चिडवतंय.”

मिस्त्रींना फोन केला. ते कार्बोरेटरचे असले तरी माणूस जुना. म्हणाले, “किल्ली सोडताना पेटतंय म्हंजे सेल्फला असताना करंट मिळत नाही हो. टेस्ट लॅम्प लावा.” लावला. किल्ली ‘ऑन’ला, दिवा पेटला. किल्ली ‘स्टार्ट’ला, दिवा गुल.

मी ईसीएमला पुरवठा दिला होता रेडिओ आणि वायपरच्या लाइनीवरून. पुष्कळ गाड्यांत सेल्फ मारताना ही लाइन मुद्दाम बंद पडते, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळतो. कार्बोरेटरच्या गाडीला त्यानं फरक पडत नाही, कारण इग्निशन कॉइलची वायर वेगळी असते आणि ती ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीला जिवंत राहते. मला हवी होती ती तीच. जुन्या कॉइलला जाणारी, आता रिकामी लोंबकळणारी वायर समोरच होती.

तरीही ती वायर थेट ईसीएमला दिली नाही. तिचं काम फक्त मेन रिलेला इशारा देणं. रिलेच्या ८५ आणि ८६ या पायांपैकी एकावर इशारा आणि दुसऱ्यावर अर्थ, ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेला जाड प्लस, ८७ वरून ईसीएमकडे. किल्लीचा स्विच तीस वर्षांचा, त्याच्या आतले पितळी पत्रे झिजलेले, त्याच्यावर नव्या इंजिनाचं ओझं टाकण्यात अर्थ नाही. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत रेझिस्टन्स घातलेला असतो आणि कॉइलपाशी पूर्ण बारा व्होल्ट पोचतच नाहीत. तिथं इशारा रेझिस्टन्सच्या अलीकडून घ्यावा.

दुसऱ्या रविवारी फाटकात कोणीच नव्हतं. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं.

५. पंप किल्लीला जोडू नका

हा सल्ला मला तीन जणांनी दिला: “कशाला रिले आणि ईसीएम? पंपाला थेट किल्लीवरून प्लस द्या, गाडी चालू.” चालू होते हे खरं. पण एमपीएफआयचा पंप कार्बोरेटरच्या डायफ्रॅम पंपासारखा गरीब नसतो. तो टाकीतून पेट्रोल चांगल्या दाबानं पुढं ढकलतो. म्हणून तर ईसीएम त्याला किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद चालवून बंद करतो, आणि पुढं इंजिन फिरत असेल तरच चालू ठेवतो. गाडी आपटली, इंजिन बंद पडलं, पेट्रोलची नळी तुटली, तर पंप आपोआप थांबतो. किल्लीवर थेट जोडलेला पंप मात्र कोणी किल्ली बंद करेपर्यंत तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. ते तीन जण माझे हितचिंतक आहेत, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

६. अर्थिंग, अर्थिंग आणि अर्थिंग

चार महिन्यांतला दीड महिना इथं गेला, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. म्हणजे विजेच्या हिशेबानं ते चासीपासून तुटलेलंच असतं. इंजिन आणि चासीला जोडणारा विणलेला तांब्याचा पट्टा लागतो. तो जुन्या इंजिनासोबत निघाला आणि गॅरेजच्या कोपऱ्यात पडला. मी बॅटरीचा मायनस बॉडीला लावला आणि सेल्फ मारला. सेल्फ कण्हत कण्हत फिरला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघाला. केबलमधून! हात लावला तर चटका. सेल्फच्या करंटला इंजिनातून बॅटरीकडे परतायला वाट नव्हती. जी एकमेव धातूची वाट इंजिनातून बॉडीकडे जात होती ती त्यानं धरली, आणि ती नेमकी ॲक्सिलरेटरची केबल निघाली.

पट्टा लावला. तरी सेल्फ सुस्तच. मग मीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. तिथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. माझ्याकडे १.४ दिसत होते. कारण लाजिरवाणं आहे. चासीला मी स्वतः कौतुकानं नवा काळा रंग दिला होता, आणि पट्ट्याचा लग त्या रंगावर आवळला होता. रंग म्हणजे इन्सुलेशन. जुन्या पटाशीनं रुपयाएवढा गोल खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, लग आवळला, वरून ग्रीस चोपडलं. मीटर ०.१ वर आला आणि सेल्फ असा फिरला की शेजारचं कुत्रं उठून बसलं.

तिसरी चूक याहून बारीक. सेन्सरच्या मायनस वायरी मी ‘अर्थ तो अर्थ’ म्हणून जवळच्या बोल्टला बांधल्या होत्या. गाडी चालू झाली, पण रात्री हेडलाइट लावले की आयडलिंग वर-खाली व्हायचं. इंजिन जणू श्वास घेतंय. सेन्सरचा सगळा व्यवहार पाच व्होल्टच्या आत, काही ठिकाणी तर व्होल्टच्या दशांशात चालतो. हेडलाइटचा करंट त्याच बोल्टमधून गेला की तिथं थोडासा व्होल्ट चढतो, आणि ईसीएमला वाटतं पाण्याचं तापमान बदललं किंवा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. सेन्सरचा मायनस ईसीएमच्या त्याच्या स्वतःच्या पिनेकडेच गेला पाहिजे, बॉडीला नाही. कंपनीनं ती वायर वेगळी ओढली होती. मी शहाणपणा करून ती ‘वाचवली’ होती.

७. दिवा म्हणजे नुसता दिवा नव्हे

गाडी चालू झाल्याच्या आनंदात मीटर बोर्डातले पिवळट बल्ब काढून पांढरे एलईडी घातले. पुढच्या शनिवारी गगनबावड्याहून परत येताना काळोख पडला आणि हेडलाइट हळूहळू लालसर होत गेले. चार्जिंगचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे सगळं ठीक असं मी समजत होतो. घर गाठलं ते समोरच्या ट्रकच्या उजेडात.

माझ्याकडे आलेल्या अल्टरनेटरला जागं व्हायला सुरुवातीला थोडासा करंट लागतो, आणि तो येतो चार्जिंगच्या दिव्यातूनच. साधा बल्ब तो सहज देतो. एलईडी इतका कमी करंट सोडतो की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. जुना पिवळट बल्ब परत लावला. बाकी बोर्ड पांढरा, आणि एका कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. पाहुणे विचारतात.

चेक इंजिनचा दिवाही जोडाच, विक्रीच्या वेळी काळजी नको म्हणून काढून टाकू नका. किल्ली ऑन केल्यावर तो पेटला म्हणजे ईसीएमला पुरवठा पोचला, ही पहिली खात्री तिथंच होते.

८. काट्याला त्याचा स्वतःचा सेंडर

ईसीएमचा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर दोन वायरींचा. मीटरच्या काट्याचा सेंडर एका वायरीचा. दोघांचा ओमचा हिशेब वेगळा. एकाच सेन्सरवरून दोघांना पोसायला गेलात तर दोघेही खोटं बोलतील. दोन वेगळे बसवा, संपलं.

९. जोड

मिस्त्री सोल्डरचे भक्त, इंटरनेटवरची तरुण पोरं क्रिम्पची. दोघांशीही वाद घालून झाल्यावर माझं मत असं झालं: इंजिनालगत, जिथं थरथर आहे, तिथं चांगल्या रॅचेट पकडीनं दाबलेला क्रिम्प आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. सोल्डर वायरीच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ भाग संपतो तिथं वायर हळूहळू तुटते. डॅशच्या आत सोल्डर चालेल. पण दोन वायरी पिळून वरून काळी टेप गुंडाळलेला जोड कुठंच नको. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. जोड झाला की दोन्ही हातांनी ओढून बघा. हातात आला तर बरंच झालं, दाजीपूरच्या जंगलात येण्यापेक्षा.

आणि फ्यूज वायरीच्या मापाचा घाला, उपकरणाच्या नव्हे. फ्यूज पंप वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. ईसीएम डॅशखाली उंचावर बसवा आणि कपलरचं तोंड खाली ठेवा. कोल्हापूरचा पाऊस वायरीवरून ओघळत आत येतोच. त्याला कपलरच्या आधी खाली ठिबकायची जागा द्या.

१०. आरटीओ

कंटाळवाणा भाग, पण सोडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल मनमानी करता येत नाही. इंजिन नंबर हा त्यातला तपशील आहे. इंजिनाचं बिल जपा आणि आरटीओत विचारून मगच सौदा करा. मी उलट क्रमानं केलं आणि हेलपाटे घातले. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर नंबर जुळला नाही तर पुढचं सांगायला नको.

वहीचं शेवटचं पान फाडून मी ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलंय. त्या नऊ जोडण्या, रंगासकट, वर पारदर्शक टेप. गाडी कधी विकली तर पुढच्या मालकाला भारा उलगडत बसावं लागू नये.

आता एक विनंती, ती सगळ्यांना नाही, तुमच्यापैकी जे जुन्या गाड्या खोलतात त्यांना. इंजिन काढताना वायरींवर पकड चालवू नका. प्रत्येक कपलरला एक कळ असते, ती अंगठ्यानं दाबली की तो सुटतो. अर्धं मिनिट लागतं.